कणांची मोजदाद

जिनिव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेत, भूमीखाली सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यात बसविलेल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्रात, १२ ऑक्टोबर २०१७ रोजी, प्रोटॉनांचा नेहमीचा क्रम थांबवून केवळ काही तासांपुरते झेनॉनचे अणुगर्भ परस्परांवर आदळविण्यात आले. आणि त्या अल्प अवधीत नोंदल्या गेलेल्या टकरींपैकी ज्या शेकडा पाच टकरी सर्वांत समोरासमोरच्या होत्या त्यांतून, किरणशलाकेशी काटकोन करणाऱ्या दिशेभोवतीच्या एका ठरीव पट्ट्यात, दर टकरीमागे सरासरी ११८७ विद्युत्भारित कण बाहेर पडतात, असा निष्कर्ष सीएमएस या प्रयोगाने यथाकाल प्रसिद्ध केला. या ११८७ च्या पुढे ± ३६ असा आणखी एक आकडा छापलेला आहे. या जातीच्या मोजणीत ज्यांनी आयुष्याची काही वर्षे घातली त्यांपैकी मी एक आहे, आणि माझा अनुभव असा, की पहिला आकडा काढण्यास जितका काळ लागतो त्याच्या कितीतरी पट काळ दुसरा आकडा खरा ठरविण्यात जातो. वृत्तपत्रांत पहिलाच आकडा जातो, व्याख्यानांतही बहुधा पहिलाच सांगितला जातो. दुसऱ्याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. त्या दुसऱ्या आकड्यासंबंधी, बंगळुरात बसून केलेल्या कामाच्या आधाराने, चार गोष्टी सांगाव्यात असे पुष्कळ दिवस मनात होते.

दोन अवजड अणुगर्भ प्रकाशाच्या वेगाच्या अगदी निकट अशा वेगाने एकमेकांवर आदळले म्हणजे नेमके काय घडते, या प्रश्नाचे आज जे उत्तर दिले जाते ते असे, की क्वार्क आणि ग्लुऑन यांची प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या आतील बंधने सुटतात आणि विश्वोत्पत्तीनंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत जसे द्रव्य असावे तसे द्रव्य एका अतिसूक्ष्म क्षणापुरते उत्पन्न होते. परंतु त्या उत्तराकडे जाणाऱ्या वाटेवरचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : किती कण बाहेर आले? १९५० मध्ये एन्रिको फर्मी यांनी आणि १९५३ मध्ये लेव्ह लांडाऊ यांनी या प्रश्नाला गणिती रूप दिले. टकरीतील द्रव्य प्रवाही असते असे गृहीत धरून लांडाऊ यांनी असे दाखविले, की निघणाऱ्या कणांची एकूण संख्या टकरीच्या ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढली पाहिजे. प्रत्यक्ष परीक्षेला पुढे जवळजवळ अर्धे शतक गेले. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००० साली सोन्याचे अणुगर्भ आदळविले गेले तेव्हा फोबॉस प्रयोगाने १३० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला मध्यवर्ती पट्ट्यात ५५५ भारित कण मोजले. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सर्नला शिशाच्या पहिल्या टकरी झाल्या तेव्हा अ‍ॅलिस प्रयोगाने २.७६ लक्ष कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टला दिलेला आकडा होता १५८४. बहुतेक सैद्धान्तिक अनुमानांहून तो अधिक होता. ऊर्जेबरोबर होणारी त्याची वाढ लांडाऊ यांच्या वर्गमुळाहून पुष्कळ मंद, सुमारे ०.३ व्या घाताच्या प्रमाणात, असल्याचे दिसते. तिच्यामागे नेमके कोणते कारण आहे हा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटेल तेव्हा मोजलेल्या आकड्यांच्या बळावरच मिटेल, आणि त्यासाठी त्या आकड्यांवर किती भार टाकता येईल हे आधी ठाऊक असले पाहिजे.

माझे स्वतःचे शिक्षण बेळगावात झाले आणि मोजणीची दीक्षा मिळाली ती पुष्कळ उत्तरेस, एका विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील अंधाऱ्या खोलीत. १९८६ साली सर्नच्या एसपीएस या जुन्या यंत्रात ऑक्सिजनचे आणि पुढल्याच वर्षी गंधकाचे अणुगर्भ, दर न्यूक्लिऑनमागे (म्हणजे प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) २०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचे, प्रथमच प्रयोगासाठी उपलब्ध झाले होते, आणि ज्या गटांपाशी मोठ्या उपकरणांसाठी पैसा नव्हता त्यांना प्रकाशलेखी पायसाच्या काचा तेथे धरून आणणे, त्या विकसित करणे आणि मग वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकाखाली वाचीत बसणे हा मार्ग मोकळा होता. ईएमयू-०१ या आंतरराष्ट्रीय सहयोगात जम्मू, चंदीगढ आणि जयपूर येथील गट होते ते याच मार्गाने. सिल्व्हर ब्रोमाइडच्या सूक्ष्म स्फटिकांनी भरलेल्या त्या जिलेटीनच्या थरातून भारित कण गेला म्हणजे त्याच्या मार्गावर काळे दाणे उमटतात. अणुगर्भांची टक्कर झाली असेल तेथे एका बिंदूपासून निघालेल्या रेषांचा तारा दिसतो. ज्यांची रेषा विरळ ते वेगवान कण 'शॉवर', त्याहून दाट ते 'ग्रे' आणि आटोपशीर, ठळक, लवकर संपणाऱ्या रेषांचे ते 'ब्लॅक' अशी वर्गवारी ठरलेली होती, आणि ऑक्सिजनच्या एखाद्या जोरकस टकरीत शंभराहून अधिक शॉवर रेषा एका चिंचोळ्या शंकूत दाटलेल्या असत. तेलात बुडविलेल्या भिंगातून त्या एकेक वेगळ्या काढायच्या, प्रत्येकीचा कोन घ्यायचा, वहीत लिहायचा. विकसनानंतर जिलेटीनचा थर आकसतो, त्यामुळे खोलीचे प्रत्येक माप एका ठराविक पटीने वाढवून घ्यावे लागे. ती पट हवेतील आर्द्रतेनुसार बदले, म्हणून पावसाळ्यात तिची तपासणी पुनःपुन्हा करावी लागे. नवख्या माणसास हे काम कंटाळवाणे वाटते. मला ते कधी तसे वाटले नाही.

त्या खोलीत मी जे सर्वांत मोलाचे शिकले ते हे, की न दिसलेल्या वस्तूंचीही गणना करता येते. एकच काच दोन निरीक्षकांनी, एकमेकांच्या वहीत न डोकावता, स्वतंत्रपणे वाचायची. समजा, पहिल्याला ९० तारे सापडले, दुसऱ्याला ८०, आणि दोघांनाही सापडलेले, म्हणजे दोन्ही वह्यांत असलेले, तारे ७२ निघाले. दुसऱ्याच्या ८० पैकी ७२ पहिल्याला दिसले होते, अर्थात पहिल्याची दृष्टी शेकडा ९० पकडते. मग त्याचे ९० हे एकूणाच्या शेकडा ९० असल्याने काचेत एकूण तारे १०० असले पाहिजेत. दोघांचे मिळून सापडलेले तारे ९८ च भरतात. जे दोन तारे कोणीच पाहिलेले नाहीत ते हिशेबात आले. पहिल्यांदा हा हिशेब माझ्या हातून सुटला तेव्हा मला झालेला आनंद मी आजही विसरलेले नाही. पण आमच्या मार्गदर्शकांनी लगेच विचारले, की काही तारे दोघांच्याही दृष्टीला सारखेच अवघड असतील तर काय? काचेच्या अगदी पृष्ठाशी असलेले, किंवा ज्यांतून दोनतीनच रेषा निघतात असे तारे दोघेही चुकवतात. तेथे दोघांच्या चुका स्वतंत्र राहात नाहीत आणि सूत्र आपल्याला खोटे आश्वासन देते. वारंवार मोजल्याने जी अनिश्चितता घटते ती निराळी आणि कितीही मोजले तरी जी जागची हालत नाही ती निराळी, हा भेद मी पुढे पुस्तकांत पुष्कळदा वाचला; पण तो मला कळला तो त्या दिवशी, त्या काचेवर.

पुढे बंगळुरास आले आणि येथेच राहिले. हे शहर आज संगणकाच्या व्यवसायामुळे ओळखले जाते, पण मोजणीच्या शास्त्राशी त्याचा संबंध बराच जुना आहे. विल्यम लॅम्टन यांनी १८०० साली आपल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा येथेच, पोलादी साखळीने, साखळीच्या तापमानाप्रमाणे होणाऱ्या प्रसरणाची वजाबाकी करीत, मोजली होती. भारित कणांच्या मोजणीचा इतिहासही येथे कोलायडरांच्या कितीतरी आधीचा आहे. १९३९-४० च्या हिवाळ्यात रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे सहकारी विश्वकिरणांची तीव्रता मोजण्यासाठी बंगळूर, आग्रा आणि पेशावर येथून फुगे सोडण्यास आले ते यासाठी, की बंगळूर पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे आणि येथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अल्प ऊर्जेच्या कणांना खाली उतरूच देत नाही. त्याच सुमारास युद्धामुळे केंब्रिजला परतणे अशक्य झालेले होमी भाभा भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात, रुजू झाले. इलेक्ट्रॉनांच्या वर्षावाचा सिद्धान्त हाइटलर यांच्यासमवेत मांडून कीर्ती मिळविलेल्या या सैद्धान्तिकाने बंगळुरात गायगर गणकांची दुर्बीण बांधविली, शिशाच्या पडद्यांनी मऊ किरण अडवून केवळ भेदक कण मोजण्याची व्यवस्था केली, आणि युद्धकाळात अमेरिकी हवाईदलाच्या विमानांतून ती सुमारे तीस हजार फूट उंचीवर नेवविली. तरुण विक्रम साराभाई त्याच संस्थेत विश्वकिरणांच्या कालानुसार होणाऱ्या वितरणाची मोजणी करीत होते. त्यांचा पहिला निबंध १९४२ चा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही १९४५ च्या जूनमध्ये येथेच झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस गेली. आमच्या काळात भारतीय विज्ञान संस्थेत पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी १९९५ पासून दीर्घकाळ काम केले. अतिउच्च ऊर्जेला दोन कणांच्या आतील अनेक घटक एकाच टकरीत कसे परस्परांवर आदळतात आणि टकरीचे एकूण क्षेत्रफळ त्यामुळे कसे वाढते, हा त्यांच्या विचाराचा एक मोठा विषय होता, आणि कणांची संख्या का वाढते या आमच्या प्रश्नाची मुळे त्याच जमिनीत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. मराठी घरांतील मुलींनी पदार्थविज्ञानाकडे वळावे यासाठी त्यांनी जे केले त्याची योग्य ती नोंद अजून व्हायची आहे.

आता कामाकडे. टकरीच्या बिंदूभोवती सिलिकॉनचे थर नळकांड्याप्रमाणे एकात एक बसविलेले असतात. सीएमएसमध्ये २०१७ च्या प्रारंभी बसविलेल्या नव्या संचात सर्वांत आतला थर शलाकेपासून तीन सेंटिमीटरांहूनही जवळ, त्यापुढचा सात सेंटिमीटरांच्या आत, आणि सगळ्या थरांवर मिळून १०० मायक्रॉन गुणिले १५० मायक्रॉन आकाराचे सुमारे साडेबारा कोटी चौकोन. भारित कण एखाद्या चौकोनातून गेला की तेथे विद्युत्संकेत उमटतो. पहिल्या थरावरचा एक ठसा आणि दुसऱ्या थरावरचा एक ठसा घ्यावा. दोन्हींना टकरीच्या बिंदूपासून पाहिले असता ते एकाच दिशेला असतील तर ते एकाच कणाचे मानावेत. अशा जोड्या मोजाव्यात. एवढीच ती युक्ती. कणाचा संवेग काढण्याच्या भानगडीत न पडल्यामुळे, लांबवर न जाणारे मंद कणही तिच्या जाळ्यात येतात, हा तिचा मोठा गुण.

परंतु समोरासमोरच्या एका टकरीत प्रत्येक थरावर हजारो ठसे असतात आणि कोणत्याही दोन परक्या ठशांची दिशा केवळ योगायोगाने जुळू शकते. म्हणून दिशांतील अंतर शून्याच्या आसपास जितक्या जोड्या मिळतात त्यांतून, जेथे खऱ्या जोड्या असणेच शक्य नाही अशा मोठ्या अंतरावरील जोड्यांचा दर काढून, तेवढी वजावट करावी लागते. त्यानंतर प्रश्न येतो की कोणता कण आपला म्हणावा. टकरीतून निघालेला उदासीन के-मेसॉन किंवा लॅम्डा दोनचार सेंटिमीटर जाऊन मोडतो आणि त्याचे भारित वारस थरांवर ठसे उमटवितात. हे वारस मूळ टकरीचे नव्हेत असा संकेत सर्वांनी मान्य केलेला असल्याने त्यांना काढून टाकावे लागते. प्रकाशकण शलाकानळीच्या भिंतीत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांची जोडी उत्पन्न करतात, तीही काढायची. उलट जे कण आपले आहेत पण हाती लागले नाहीत त्यांची भर घालायची : ज्यांचा संवेग ४० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे ते ३.८ टेस्लाच्या त्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात इतके वळतात की दुसऱ्या थरापर्यंत जेमतेम पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत; काही ठिकाणी सिलिकॉनचे तुकडेच निकामी असतात, तेथून गेलेले कण निःशब्द निघून जातात. ही सगळी भर आणि वजावट संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे होते : हायजिंग, एपॉस यांसारख्या आज्ञावलींनी कृत्रिम टकरी निर्माण करायच्या, त्यांतले कण उपकरणाच्या प्रतिरूपातून जाऊ द्यायचे, आणि किती निघाले होते व किती मोजले गेले यांची तफावत पाहायची.

येथेच आमच्या मार्गदर्शकांचा तो जुना प्रश्न नव्या वेशात पुढे उभा राहतो. आज्ञावलीने के-मेसॉन, लॅम्डा यांसारख्या 'विचित्र' कणांचे प्रमाण निसर्गापेक्षा कमी धरले असेल तर आपली वजावट कमी पडेल, आणि कितीही कोटी टकरी जमा केल्या तरी ही चूक तसूभर हलणार नाही. म्हणून मग दोन आज्ञावली वापरून पाहायच्या. विचित्र कणांचे प्रमाण मुद्दाम वाढवून-घटवून पाहायचे. पहिल्या व दुसऱ्या थराऐवजी पहिला व तिसरा, दुसरा व तिसरा अशा जोड्या घेऊन पाहायचे. टकरीचा बिंदू शलाकेवर डावीकडे असलेल्या टकरी आणि उजवीकडे असलेल्या टकरी वेगळ्या मोजायच्या. निसर्गाला यांतल्या कशाचीच दखल नाही, म्हणून उत्तर बदलता कामा नये. ते थोडे बदलते. जेवढे बदलते तेवढे अज्ञान आपल्या पदरी आहे असे कबूल करून लिहायचे. ± ३६ तयार होतो तो अशा एकेका कबुलीची बेरीज करून, आणि त्यात केवळ नशिबाच्या चढउताराचा वाटा नगण्य असतो.

सर्वांत अधिक वेळ खाल्ला तो मात्र 'शेकडा पाच' या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांनी. शेकडा पाच कशाचे? टक्कर किती समोरासमोरची होती हे कोणालाही दिसत नाही. टकरीपासून अकरा मीटरांवर, शलाकेच्या अगदी लगत, पोलाद आणि क्वार्ट्‌झच्या तंतूंचे जे ऊर्जामापक आहेत त्यांत पडलेल्या ऊर्जेवरून टकरी चढत्या क्रमाने लावायच्या आणि वरचा विसावा हिस्सा घ्यायचा, ही रीत. परंतु विसावा हिस्सा काढायचा तर एकूण संख्या हवी, आणि एकूणात अशा टकरीही आहेत ज्यांत दोन अणुगर्भांच्या केवळ कडा एकमेकींना चाटून गेल्या आणि उपकरणाला चाहूलही लागली नाही. शिवाय दोन अणुगर्भ अंतर राखून गेले तरी त्यांच्या प्रखर विद्युत्चुंबकीय क्षेत्रांमुळे काही प्रक्रिया घडतात आणि त्या टकरी नसूनही टकरींत मिसळतात. खानेसुमारीत गावातील मोठ्या वाड्यांची शिरगणती सहज होते. अडचण पडते ती वेशीबाहेरच्या पालांची, आज आहेत आणि उद्या नाहीत अशा माणसांची, आणि तालुक्याची सगळी प्रमाणे मात्र त्यांच्यासह झालेल्या बेरजेवर अवलंबून राहतात. आमच्याकडेही तसेच घडते. एकूणात शेकडा एकदोनाची चूक झाली तर अगदी समोरासमोरच्या टकरींच्या आकड्यावर तिचा परिणाम अल्प होतो, कारण तेथील रेघ थोडीशीच सरकते. कडेच्या टकरींच्या गटात मात्र आकडा केवढा तरी डळमळतो. तेथे अनिश्चिततेची मर्यादा रुंद छापलेली असते ती या कारणाने.

हे काम करताना माझ्यासमवेत एक तरुण सोलापूरकर विद्यार्थी होता. टकरींचा साठा जिनिव्हाला, त्याचा काही भाग मुंबईच्या टाटा संस्थेतील संगणकांवर, आणि आम्ही दोघे बंगळुरात, असा तो त्रिस्थळी व्यवहार. बैठका जिनिव्हाच्या घड्याळाप्रमाणे, त्यामुळे आमच्या वाट्याला संध्याकाळ आणि रात्र. त्याने मन लावून थरांच्या सगळ्या जोड्या फिरवून पाहिल्या, आणि एके दिवशी मोठ्या गंभीरपणे विचारले, "मॅडम, मधला आकडा काही केल्या फारसा हलत नाही. मग हे सगळे नव्याने करण्यात महिने गेले त्यांचा उपयोग काय झाला?" मी म्हटले, "अरे, पूर्वी आपल्याला तो हलत नाही असे वाटत होते. आता ठाऊक आहे. उद्या कोणी सिद्धान्त मांडून म्हणाला की येथे १३०० हवेत, तर आज तू त्याला नाही म्हणू शकतोस. काल म्हणू शकला नसतास." त्याचे समाधान झाले की नाही ते सांगवत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन आणखी एक तपासणी सुचविली, आणि ती योग्य होती.

सहयोगाच्या रीतीप्रमाणे कोणताही आकडा बाहेर जाण्यापूर्वी त्याच्यावर अंतर्गत परीक्षकांची समिती बसते. प्रत्येक वजावटीचा दाखला मागितला जातो, प्रश्नांना लेखी उत्तरे द्यावी लागतात, आणि जगाच्या कोणत्या तरी कोपऱ्यातला, आपण कधी न पाहिलेला सहकारी एखाद्या आकृतीतील एका टिंबावर बोट ठेवून ते इतरांच्या ओळीत का नाही असे विचारतो. हा जाच आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटले. माझे मत निश्चितपणे उलट आहे. ज्या समाजात तीन हजार माणसे एका निबंधाखाली सह्या करतात तेथे प्रत्येकाने प्रत्येक टिंब तपासलेले असणे अशक्य. मग निदान काहींनी तरी ते निष्ठुरपणे तपासले आहे ही खात्री सही करणाऱ्यास असलीच पाहिजे.

आणि याहूनही मोठी रुजवात बाहेर होते. अ‍ॅलिस हा निराळा प्रयोग, निराळी माणसे, चुंबकीय क्षेत्र त्या वेळी अवघ्या ०.२ टेस्लाचे, सिलिकॉनचे थर वेगळ्या अंतरांवर, समोरासमोरपणाचे माप वेगळ्या गणकांवरून. झेनॉनच्या त्याच काही तासांतील टकरींवरून त्यांनी दिलेला आकडा ११६७ ± २६ आहे. सीएमएसचा ११८७ ± ३६. दोघांत २० चे अंतर, आणि दोघांनीही आपापल्या अज्ञानाची जी मर्यादा सांगितली तिच्या आत ते बसते. दोन वह्या स्वतंत्रपणे लिहिल्या गेल्या आणि जुळल्या. दोन्ही निबंध शेजारी ठेवून मी ते आकडे पाहिले तेव्हा मन भरून आले, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

आकडे इतके बळकट झाले म्हणूनच त्यांच्याकडून काही नवे कळू शकले. झेनॉनच्या दोन अणुगर्भांत मिळून २५८ न्यूक्लिऑन असतात; अगदी समोरासमोरच्या टकरीत त्यांपैकी सरासरीने सुमारे २३६ भाग घेतात. त्यांच्या जोड्या पाडून भागाकार केला तर एका जोडीमागे सुमारे दहा भारित कण येतात. शिशाचे अणुगर्भ पुष्कळ मोठे, तेथे ५.०२ लक्ष कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टला समोरासमोरच्या टकरींचा अ‍ॅलिसचा आकडा १९४३ ± ५४. पण सुमारे ३८५ सहभागी न्यूक्लिऑनांच्या जोड्यांनी त्याला भागले तरी उत्तर दहाच्याच आसपास. आता शिशाच्या अशा टकरी घेऊ या, की ज्या किंचित कडेच्या आहेत आणि ज्यांत सहभागी न्यूक्लिऑनांची संख्या झेनॉनच्या समोरासमोरच्या टकरीइतकीच, किंबहुना थोडी अधिक, भरते. तेथे जोडीमागे कण सुमारे नऊच. झेनॉनच्या आणि शिशाच्या टकरींच्या ऊर्जेतील अल्प फरकाने हे अंतर भरून निघत नाही. म्हणजे केवळ किती न्यूक्लिऑनांनी भाग घेतला एवढ्यावर कणांची संख्या ठरत नाही. ते अणुगर्भ एकमेकांत पूर्ण मिसळले होते की कडेने घासले होते, याला महत्त्व आहे. असे का व्हावे याविषयी सैद्धान्तिकांत मतभेद आहेत आणि ते असोत. जोडीमागे दहा आणि नऊ यांतील भेद हा शेकडा दहाचा आहे, हे ध्यानात घ्यावे; आमची अनिश्चितता शेकडा तीनऐवजी शेकडा पंधरा असती तर हा भेद आहे की भास आहे हेच कोणाला सांगता आले नसते, आणि भासाची मीमांसा करण्यात दहा वर्षे गेली असती.

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून महाराष्ट्रातील आणि बेळगावकडील महाविद्यालयांत बोलावणे आले की मी जाते. तेथील अध्यापकांना मी एकच विनंती करीत आले आहे आणि येथेही करते. सीएमएसने २०१० आणि २०११ सालच्या शिशाच्या टकरींच्या नोंदी सर्नच्या खुल्या संग्रहात सर्वांसाठी ठेविलेल्या आहेत. त्यांना शुल्क नाही, परवाना नाही, शिफारसपत्र लागत नाही. साधा संगणक, बऱ्यापैकी जोडणी आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. कोल्हापूर, नांदेड, सोलापूर, बेळगाव, कोठेही असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षभराच्या प्रकल्पासाठी तो साठा द्यावा आणि त्याला एका टकरीतले कण मोजण्यास सांगावे. प्रसिद्ध झालेले आकडे उपलब्ध आहेत, त्यांच्याशी त्याचा आकडा ताडून पाहता येईल. मात्र त्याच्या वहीतील ± पुढची जागा रिकामी असेल तर गुण देऊ नयेत, आणि ती भरलेली असेल तर तो आकडा कोठून आला हे त्याला फळ्यापाशी उभे करून विचारावे.